बुजलेलं बावखल

ओल्या मुरुमाचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. पडीक जमिनीवर चाफ्याची वाडी उभी केली, त्यातून नाव झालं आणि मी आमदार झालो होतो. वाड्यांना पाणी देणारी आमची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, कुणी बुजवू नयेत, म्हणून विधानसभेत भांडून त्या दिवशी पापडी गावी परतलो, तर आमच्याच सामाईक बावखलात डंपर मुरूम ओतत होता. काठावर मोठा भाऊ उभा. मी ओरडलो, "दादा, माझी रस्त्याकडची जमीन घे, पण पाणी ठेव!" तो हसला. "आमदारसाहेब, बिल्डरशी सौदा झाला. घासाघीस तुम्ही चाफा विकायचात तेव्हा तुमच्याकडूनच शिकलो." आता माझा चाफा टँकरच्या पाण्यावर जगतो. बावखलं वाचवणारा म्हणून माझे सत्कार होतात, तेव्हा पहिल्या रांगेत बसून दादा टाळ्या वाजवतो.