जर्मनीला जाण्याआधी मला बोलकं करण्यात आलं

माझ्यासाठी घरात दोन शब्द होते. पाहुणे समोर असले की 'शांत' आणि ते जिना उतरले की 'घुमी'. बोलावंसं वाटत नसे म्हणून मी बोलत नसे. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही याचं आधी मला नवल वाटायचं. पुढे नवल संपलं आणि नुसता तिटकारा उरला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी अंधेरीला, औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. घर बोरिवलीला, मी आणि आई. कंपनीत पश्चिम जर्मनीहून गोळ्यांची शुद्धता तपासणारं नवं यंत्र यायचं होतं आणि ते शिकायला कोणालातरी तिकडे पाठवायचं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी माझं नाव दिलं. दुसऱ्याच दिवशी पर्सोनेल ऑफिसरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कामात तुम्ही हुशार आहात, वाद नाही," ते म्हणाले. "पण परदेशात कंपनीचं नाव तुमच्या तोंडावर जाणार. आणि तोंड तर तुम्ही उघडतच नाही."

"यंत्राशी काय बोलायचं असतं, सर?"

"हेच. हेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि खुर्चीत समाधानाने मागे रेलले.

त्यांनी दोन उपाय काढले. पहिला, माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याबरोबर येईल. एकट्या मुलीला पाठवणं बरं दिसत नाही, शिवाय तो बोलका. दुसरा उपाय म्हणजे मी ऑफिस सुटल्यावर मालाडला एका क्लासला जायचं. तिथले सर 'पर्सनॅलिटी' शिकवत.

क्लास मालाड स्टेशनजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खालून स्टीलच्या डब्यांचा खणखणाट आणि वर सरांचा आवाज. सर गोरे, गुबगुबीत, भर मेमध्ये टाय लावणारे. परदेशात कसं वागावं हे ते इतक्या खात्रीने सांगत की मी एकदा त्यांना विचारलं, "सर, आपण कुठे कुठे जाऊन आलात?" ते म्हणाले, "मॅडम, जाणं महत्त्वाचं नसतं, जगाचा अभ्यास महत्त्वाचा." नंतर एका विद्यार्थ्याकडून कळलं, सरांचा समुद्रप्रवास बोरिवलीच्या खाडीतून होडीने गोराईपर्यंतचा होता. तिथेही त्यांना मळमळलं होतं.

माझ्याबरोबर सगळी सेल्सची पोरं होती. आम्हाला आरशासमोर उभं राहून मोठ्याने हसायला लावत. एकमेकांच्या डोळ्यांत बघून हात घट्ट दाबायला लावत. एकदा सरांनी मला पुढे बोलावलं आणि स्वतःबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांगायला सांगितल्या.

मी विचार केला. "मी वेळेवर येते," मी म्हणाले.

पोरं हसली. सर थांबले. मी काही पुढे बोलेना. "मॅडम," ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या आत एक कुलूप आहे. परदेशात गप्प बसलात की संपलात तुम्ही. तिकडे माणूस ओपन लागतो."

मी जागेवर जाऊन बसले. ज्याने कधी दार वाजवायचं शिकून घेतलं नाही तो मला कुलपाबद्दल सांगत होता. पण जर्मनीला जायचं तर हजेरी पूर्ण व्हायला हवी होती, म्हणून मी आरशासमोर जाऊन हसून आले.

पानगळीच्या सुमारास आम्ही तिकडे पोहोचलो. मोठ्या शहरापासून दूर, कारखान्याचं गाव होतं ते. सहकाऱ्याची सोय कंपनीच्या वसतिगृहात आणि माझी एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी. पहिल्या दिवशी बाईंनी मला किल्ली दिली, शेगडी कशी पेटवायची ते दाखवलं, पांघरुणावर हात ठेवून ते पुरेल ना अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि खाली निघून गेल्या. मी पलंगावर बसले. वाटलं, कोणी वर येऊन विचारेल, कशी आहेस, करमतंय का, घरची आठवण येते का. कोणी आलं नाही. मी वाट बघत राहिले आणि मग लक्षात आलं, इथे कोणी येणारच नाही. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

शिकवणारा इंजिनियर काटकुळा माणूस होता. सकाळी आणि संध्याकाळी नमस्कार, मधल्या वेळात कामापुरतं मोडकंतोडकं इंग्रजी. तो एकदा करून दाखवायचा, मग बाजूला सरकून मला करू द्यायचा. चुकले तर बोट दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत माणसं सूप पीत बसत, कोणी खिडकीबाहेर बघे. त्या टेबलाशी मी रोज बसले आणि 'आज गप्प का?' असं मला एकानेही विचारलं नाही. अंधेरीच्या कँटीनमध्ये डबा उघडण्याआधी हा प्रश्न येई.

ही माणसं काही देव नव्हती. दुकानातली बाई माझ्या हातात सुटे पैसे न देता काउंटरवर टाकायची. एकाने मला आमच्या घरी हत्ती आहे का असं खरंच विचारलं. मूर्ख सगळीकडे असतात. पण तिथले मूर्ख निदान विचारून झाल्यावर थांबत.

सहकाऱ्याचं मात्र पार वाटोळं झालं. तो इंजिनियरला आपल्या क्रिकेटबद्दल सांगू लागला की इंजिनियर यंत्र बंद करायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि त्याचं संपेपर्यंत थांबायचा. मग विचारायचा, "आता पुढे जाऊ या?" त्यात राग नव्हता, हेच सहकाऱ्याला सहन होईना. आठवडाभरात त्याने यंत्राकडे बघणं सोडलं. टिपणं मी काढत होते, तो सही करायचा.

आणि रविवारी तो माझ्याकडे येऊ लागला.

"अगं, ही माणसं आहेत की पुतळे?" तो बाईंच्या स्वयंपाकघरात बसून म्हणायचा. "वसतिगृहात शेजारचा मला बघून दार लावून घेतो. मला वेड लागेल यार. तू कशी काय राहतेस?"

"राहते."

"तुझं बरं आहे. तुला काय, माणसं लागतच नाहीत."

हे तो सहानुभूतीने म्हणायचा आणि मग अंधार पडेपर्यंत बोलायचा. अंधेरीतलं सगळं ऑफिस उचलून त्याने त्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. तीनचार रविवार बाईंनी पाहिलं. मग एका रविवारी घंटा वाजली तेव्हा बाई स्वतःच दार उघडायला गेल्या. मला जिन्यावरून दिसलं. त्यांनी त्याला आत घेतलं नाही. झाडाची पानं गोळा करायचं दाताळं त्याच्या हातात दिलं आणि अंगणाकडे बोट केलं. बिचारा तासभर पानं ओढत होता. पुढच्या रविवारी तो आला नाही.

त्या संध्याकाळी बाई आणि मी टेबलाशी बसून सफरचंदं सोलली. त्यांचं जर्मन मला येत नव्हतं आणि माझं इंग्रजी त्यांना. सालांचा ढीग झाला तेव्हा त्यांनी मला चहा ओतून दिला. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मी कोणाला सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

परत आल्यावर कंपनीत एक सभा झाली. सहकारी तासभर बोलला. जर्मन लोक किती मनमिळाऊ, रविवारी कसे घरी बोलवत, बागेत एकत्र कामंसुद्धा कशी करत. मी खाली बसून ऐकत होते. यंत्र लावायचं काम मी केलं. त्या विभागाचा प्रमुख त्याला करण्यात आलं.

मग मालाडचे सर आमच्या घरी आले. टाय होताच. आईने पोहे केले.

"माताजी, तुमच्या मुलीने माझं नाव काढलं," ते म्हणाले. "आमच्या वार्षिक समारंभात मॅडमनी दोन शब्द बोलायचे. बस."

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"येईल ती," आई म्हणाली. "एवढे घरी आलात तुम्ही."

मी गेले, पण मनाशी ठरवून गेले. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून आमचे पर्सोनेल ऑफिसर. सरांनी माइक माझ्यापुढे धरला. "मॅडम, जर्मनीत आमच्या क्लासमधलं सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तिथे मला गप्प बसता आलं, त्याचा उपयोग झाला."

लोक हसले. मी थांबले नाही. इंजिनियर कसा शिकवायचा ते सांगितलं, बाईंचं घर सांगितलं, ज्याला बोलायचं नाही त्याच्या मागे लागू नये असंही सांगितलं. आयुष्यात एका दमात मी इतकं कधी बोलले नव्हते. संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांनी माइक घेतला. "पाहिलंत?" ते म्हणाले. "ह्याच बाई. माझ्याकडे आल्या तेव्हा स्वतःबद्दल एक वाक्य बोलू शकत नव्हत्या. आज कसा स्टेज मारला."

टाळ्या पुन्हा झाल्या. मी जे जे त्यांच्याविरुद्ध बोलले होते ते सगळं त्यांच्या खात्यात गेलं होतं. त्या माणसाकडे मी तेव्हा नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच शब्द ऐकू आले नव्हते, नुसता आवाज ऐकू आला होता.

सोमवारी पर्सोनेल ऑफिसरनी बोलावून घेतलं. "तुम्ही आता खुललात," ते म्हणाले. "बाहेरचे पाहुणे येतात, त्यांना प्रयोगशाळा दाखवायचं काम आजपासून तुमच्याकडे."

"मला नको, सर."

"अहो, आता कसली लाज?"

काही महिने मी पाहुण्यांना फिरवलं. ते यंत्राकडे न बघता माझं लग्न झालंय का ते विचारत. मग मी मुलुंडला एका लहान प्रयोगशाळेत अर्ज केला. पगार जवळपास तेवढाच, जाणंयेणं दुप्पट. आई महिनाभर कुरकुरली आणि सगळ्या नात्यात सांगत सुटली की हिला चांगलं मानवत नाही. सहकारी पुढे आणखी दोनदा जर्मनीला जाऊन आला. तिथे तो काय करत असेल याचा मी विचार केला नाही.

मुलुंडला पहिल्या दिवशी शेजारी बसणाऱ्या बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "तुम्ही फार बोलत नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि आपलं स्टूल उचलून पलीकडच्या टेबलाशी गप्पा चालल्या होत्या तिथे जाऊन बसल्या. जाताना चटणीची डबी माझ्यासाठी ठेवून गेल्या. त्या बाईंबद्दल मला आदर वाटला. त्या काळात मुंबईत असा आदर मला फार थोड्या माणसांबद्दल वाटला.