ब्रशाने उघडलेले डोळे

भोरात आमच्या मामांचा फोटो स्टुडिओ होता आणि मामांचं नाव जिवंतांपेक्षा मेलेल्यांमुळे जास्त झालं होतं. तेव्हा जिवंतपणी फोटो काढायला कोण येतोय! म्हातारं गेलं की घरच्यांना आठवण व्हायची. मग मयताला भिंतीशी टेकवून बसवायचं, फोटो काढायचा, आणि कागदावर छापला की मामा बारीक ब्रशाने मिटल्या पापण्यांवर डोळे रंगवायचे. लोक म्हणायचे, आता बोलेल अगदी! मला त्या हाताचा अभिमान वाटे आणि किळसही येई.

कॅमेरा मी मामांकडेच शिकलो, पण मला वेड वर्तमानपत्राचं. पुण्यातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला बजावलं होतं, "समोर असेल तेवढंच पाठवा. ब्रश भोरातच राहू द्या." हे ऐकून मामा म्हणाले, "पुणेकरांना अक्कल उतू चालली आहे."

त्या पावसाळ्यात गुंजवणी नदीने काठची घरं नेली. तिपाई आणि काचेच्या प्लेटी घोंगडीत गुंडाळून मी नसरापूरवरून नदीकाठच्या गुंजवणे गावी पोचलो. भातखाचरं चिखलाखाली गेली होती. एका पडक्या भिंतीशी एक बाई आठ महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोर चिखलात सापडलं होतं. तिने त्याला धुऊनपुसून टोपडं घातलं होतं. माझा धीर होईना. मी कॅमेरा झाकूनच ठेवला. शेवटी तीच बोलली.

"भोरास्नं आलाय न्हवं? तुमच्यात डोळं उघडून देत्यात म्हनं. काढा फोटू. ह्याचा बा मुंबईला गोदीत हाय. त्यानं पोराचं त्वांड बगितलंच न्हाई अजून."

काळ्या फडक्याखाली शिरून मी रडलो. काचेवर मायलेक उलटी दिसत होती. बाहेर कोणाला काही कळलं नाही, तेवढी त्या फडक्याची सोय.

भोरला येऊन दोन प्रती छापल्या. एक बाईसाठी, तिच्यात मामा डोळे भरणार होते. दुसरी साप्ताहिकासाठी, ती जशीच्या तशी जायची. मामांना तसं दोनदा सांगितलं आणि तापाने आडवा झालो. मामांनी दोन्ही प्रतींत डोळे भरले आणि एक पुण्याला पाठवून दिली. मी भांडलो, तर म्हणाले, "आपल्या स्टुडिओतून मिटल्या डोळ्यांचं माणूस आजवर बाहेर पडलेलं नाही. लोकांच्या घरोघर काय सुतक धाडायचंय?" त्यांना त्यात खरंच काही वावगं दिसत नव्हतं.

फोटो छापून आला. खाली ओळ होती: पुरातून वाचलेली मायलेकरं, गुंजवणे.

मी संपादकांना दुरुस्ती लिहून पाठवली आणि बाईची प्रत घेऊन गुंजवण्याला गेलो. ती मी पिशवीतून काढतोय, तोच तिचा नवरा वाटेने वर येताना दिसला. मुंबईला निरोप घेऊन गेलेल्या माणसाची आणि त्याची चुकामूक झाली होती. गोदीत कोणीतरी त्याला साप्ताहिकाचं ते पान दाखवलं होतं. तो हसत येत होता. खांद्यावर नवाकोरा पांगुळगाडा होता.

बाईने पदर तोंडात कोंबला आणि त्याला कळलं. त्याने पांगुळगाडा खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो कुठे ठेवावा हेच त्याला सुचेना. मला मामांचा असा संताप आला, की ते समोर असते तर मी हात उगारला असता.

मग त्याने माझ्या हातातली प्रत घेतली.

"डोळं असंच हुतं व्हय गं ह्याचं?" त्याने बायकोला विचारलं.

तिने फोटो जवळ घेतला. मामांनी बुबुळं छान काळी भरली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "घारं हुतं. तुमच्यावानी."