काळं वलय, सोनेरी वलय

पोलिसातल्या एवढ्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. ते आता पुसट झालेत. इस्लामपूरजवळच्या एका बांगड्यांच्या दुकानाची आग मात्र डोक्यातून जात नाही.

दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान चाचांचं. ते आतच झोपायचे. पहाटे दुकान पेटलं, तेव्हा कुणीतरी दार तोडून त्यांना बाहेर ओढलं आणि पळ काढला. पंचनाम्याला गेलो तर पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे गुन्हा पक्का.

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांचा फोन आला. "एका पोराचे तळहात भाजलेत. गॅसचा भडका म्हणतोय, पण मला पटत नाही."

त्याला ठाण्यात आणलं. डिप्लोमा झालेला, निर्व्यसनी, वडील फौजेतून निवृत्त. मला वाटलं, साक्षीदार मिळाला.

"चाचांना तू वाचवलंस ना? आग कुणी लावली, बघितलंस?"

"मीच लावली, साहेब."

मी हातातला चहा खाली ठेवला. "काय भांडण होतं रं?"

"भांडण न्हाई. चाचा लय चांगला माणूस हाय. पण त्यांच्याभोवतीचं वलय काळं हाय. ध्यानात दिसतं."

कुणी शिकवलं, ते सांगेना. दरडावून, समजावून पाहिलं. शेवटी मी साध्या कपड्यातल्या माझ्या हवालदाराकडे बोट केलं. "यांचं वलय कसं आहे?"

त्यानं डोळे मिटले. "सोनेरी."

हवालदार चाचांच्याच धर्माचा होता. मी तसं सांगितलं. पोरगा म्हणाला, "मग यांचं मूळ रक्त आपलंच असणार. गुरुजी म्हणतात, काहीजण वाट चुकलेत."

गुरुजी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा आला.

सांगलीत कृष्णेकाठी त्यांचा ध्यानवर्ग चालायचा. चौकशीला गेलो, तर गृहस्थ अतिशय सौम्य. हिमालयाखाली दिव्य पुरुषांची नगरी आहे, आपण त्यांच्याच शुद्ध रक्ताचे, जर्मनीच्या हुकूमशहाला हे गुपित ठाऊक होतं, असं ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होते. "शुद्धी म्हणजे मनाची. आग लावा असं मी कधी म्हटलं?" पोराच्या मोबाइलमधल्या त्यांच्याच प्रवचनात मात्र भूमी शुद्ध करण्याची भाषा होती. दोघांवर दोषारोपपत्र गेलं. गुरुजी लगेच जामिनावर सुटले. पोराला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टात नेताना मी त्याला विचारलं होतं, "पेटवलंस, मग आत का शिरलास?"

"चाचा खोकले. वळखीचा आवाज, साहेब. मला वाटलं हुतं, ते भाच्याकडं गेल्यात." मग म्हणाला, "पाय आपोआप वळले. चूक झाली का बरोबर, अजून कळंना."

बाहेर त्याची आई उभी होती. "आवं साहेब, दारू न्हाई, तंबाखू न्हाई, ध्यानाला बसतंय म्हणून आमी खूश हुतो. कवा बिघडलं वो?"

गुन्हेगाराच्या डोळ्यांत द्वेष शोधायची मला सवय होती. या पोराच्या डोळ्यांत तो सापडला नाही, तरी आग खरी होती. माणूस शांतपणे, चांगलं काम समजून दुसऱ्याचं घर पेटवू शकतो, एवढं मी शिकलो. ते कवा बिघडलं, हे त्या माउलीला मी सांगू शकलो नाही. आजही सांगता येणार नाही.