न फिरलेले सात किलोमीटर

सायकलवरून नदीकाठ बघायला येणाऱ्या लोकांची बाणवाल्याला किळस येते आणि तो ती लपवत नाही. ते केळीची साल खडकावर वाळत घालतात. दमल्यावर चोखायच्या गोड चिकट चाटणाच्या चंदेरी पुड्या कुंपणात खोचून जातात, जणू कोणी त्या मागून गोळा करणारच आहे. झुडपामागे बसून आले की कागद तिथेच. पावसानं तो लगदा होतो आणि बाणवाल्याच्या बुटाला चिकटतो. "निसर्ग बघायला येतात आणि निसर्गावरच बसतात," असं तो म्हणतो. हे वाक्य त्याच्या बायकोनं इतक्यांदा ऐकलंय की तो ते सुरू करतो आणि ती संपवते.

बाणवाला अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पर्यटन कार्यालयानं नदीच्या काठानं एकशे चाळीस किलोमीटरचा सायकलमार्ग आखला, त्यावरच्या खुणा रंगवण्याचं आणि राखण्याचं काम गेली अकरा वर्षं त्याच्याकडे आहे. प्रत्येक फाट्यावर पिवळा बाण, वीतभर लांब, छातीच्या उंचीवर. सायकलवाल्याची मान वाकलेली असते, त्याहून वर त्याला दिसत नाही. वळण संपलं की वीस पावलांवर एक पिवळा ठिपका. त्याला तो दिलाशाचा ठिपका म्हणतो: माणूस बरोबर वळलाय, एवढंच तो ठिपका सांगतो. आणि पाण्यात उतरायला चांगली जागा असेल तिथे निळी लाट.

कामाचे त्याचे दोन नियम आहेत. पहिला, मार्ग दरवर्षी दोन्ही दिशांनी सायकलवरून फिरायचा, कारण जाताना दिसणारा बाण येताना झाडाच्या बुंध्याआड जातो. दुसरा, नवी खूण रंगवल्याशिवाय जुनी पुसायची नाही. मधल्या काळात आलेला माणूस चुकतो, आणि चुकलेला माणूस कोणाच्या तरी अंगणात जाऊन ओरडतो.

या नियमांवरून त्यानं दोन मदतनीस काढून टाकले. एकानं उलटी फेरी न करताच कागदावर सही केली होती. बाणवाल्यानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तू पँट तरी दोन्ही बाजूंनी बघून घालतोस का?"

शहाण्णवाव्या किलोमीटरवर बाणवाल्याच्या ताईचं घर आहे. दोघं त्याच घरात जन्मले. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. मार्ग झाला तसं तिनं आणि दाजींनी मागच्या बाजूला चार खोल्या काढल्या, दोन रस्त्याकडे, दोन नदीकडे, आणि ती सायकलवाल्यांना राहायला देऊ लागली. दाजींचं कमरेचं हाड मोडून नीट बसलं नाही. तेव्हापासून घर त्या चार खोल्यांवरच चालतं.

घरापासून पुढे जुन्या पुलापर्यंत सात किलोमीटर मार्ग अगदी पाण्याला लागून जातो. मधल्या एका वळणावर सपाट खडक आहे. बाणवाला तिथेच पोहायला शिकला. मार्गावरची पहिली निळी लाट त्यानं त्याच खडकावर काढली.

आणि हेच सात किलोमीटर तो तीन वर्षं फिरला नव्हता. वसंतातल्या तपासणीत दुपारी तो ताईकडे पोहोचायचा, रस्त्याकडच्या स्वयंपाकघरात जेवायचा, सायकल दाजींच्या गाडीत टाकायचा आणि डांबरी रस्त्यानं पुलावर उतरून पुढे निघायचा. परतीच्या फेरीत पुलावर दाजी गाडी घेऊन उभे. कागदावर तो लिहायचा: दोन्ही दिशांनी तपासले. त्याला त्यात खोटं वाटलं नाही. माणूस स्वतःचं अंगण तपासत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तो मदतनिसांना ऐकवायचा.

पुलाच्या अलीकडे रस्ता नदीजवळ आला की दाजी गाडीच्या काचा वर करायचे. बाणवाल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला वारा सोसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कार्यालयात एका दंतवैद्य बाईंचं पत्र आलं. नवऱ्याबरोबर त्या आठ दिवसांच्या सायकलफेरीवर आल्या होत्या. निळी लाट बघून पाण्यात उतरल्या. त्यानंतर दोन्ही कानांतून पू आणि मांड्यांवर फोड. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. सोबत फोडांचा फोटो होता आणि लाटेचा. लाट बाणवाल्याच्याच हातची होती, शेपटीकडे जरा जाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुलावरून ताईच्या घराकडे निघाला, सायकलवर.

पहिला किलोमीटर काही नाही. मग आंबट वास, नासलेल्या कणकेसारखा. मग त्याखालून कुजलेल्या अंड्यांचा. वळणापलीकडे काठातून दोन फूट व्यासाचा पाइप बाहेर आलेला होता. वरच्या अंगाला असलेल्या स्टार्चच्या कारखान्याचा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपलं सांडपाणी इकडे वळवलं होतं. पाइपातून राखाडी, कोमट पाणी येत होतं. खाली दगड दिसत नव्हते. दगडांवर भिजलेल्या कापसासारखं काहीतरी वाढलं होतं, पांढरट, हातभर लांब, प्रवाहाबरोबर हलणारं. काठीनं उचललं तर ते शेंबडासारखं ताणलं जात वर आलं.

पुढे उतारावर मार्ग पाण्यात बुडाला होता, फार नाही, चाक तीन बोटं बुडेल एवढा. बाणवाला तिथून गेला. पुढच्या चाकानं ते उडवलं आणि सायकलच्या दांड्यावर लावलेल्या बाटलीच्या तोंडावर एक राखाडी थेंब येऊन बसला. नेहमी तिथूनच तो पाणी प्यायचा. सगळेच पितात. त्यानं बाटली फेकली नाही, कारण तो मार्गावर काही फेकत नाही. ती हातात धरून तो खडकापर्यंत गेला आणि खडकाशेजारी ओकला, स्वतःच्या लाटेपासून दोन हातांवर.

ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. दाजी खुर्चीत होते.

"ताई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"नदीचं."

"मला नाक आहे," ताई म्हणाली. "तुलाही आहे असं समजत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन आला असतास. तुला काय मी आज ओळखते? लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली की आवाज विरायच्या आत आईपाशी पोहोचलेला असायचास."

"पाहुण्यांना काय सांगायचीस?"

"शेतात खत टाकलंय, दोन दिवसांत जाईल."

"तीन वर्षं?"

"पाहुणे दोनच दिवस राहतात."

दाजी म्हणाले, "आधी जेवून घे रे."

"दाजी, मला अजून मळमळतंय."

"मग थोडंच वाढते," ताई म्हणाली.

बाणवाल्यानं पत्रातला फोडांचा फोटो टेबलावर ठेवला आणि तो दंतवैद्य बाईंचा असल्याचं सांगितलं. ताईनं सुरी खाली ठेवली, फोटो बघितला आणि उलटा करून ठेवला.

"मी सांगितलं होतं तिला, पाणी गार आहे, उतरू नका. घाण आहे असं कसं म्हणू? माझ्याच दारात उभी राहून? तर ती मला म्हणाली, अहो, तिथे खूण आहे ना! तुझी खूण. माझ्या शब्दापेक्षा तुझ्या रंगाला वजन. आणि तू खूण न बघता सही करतोस, हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, एकदा बघितलंस म्हणूनच गाडीनं जातोस, आणि गप्प आहेस. माझ्यासाठी."

तीन वर्षं ताई त्याचे मनातल्या मनात उपकार मानत होती, आणि उपकार करायला तो तिथे गेलाच नव्हता.

"बाण वळवणार?" तिनं विचारलं.

"बघतो."

"बघ. चार खोल्या त्या बाणानं भरतात. बाण वळला की मी काय भाड्यानं देऊ, ह्यांचं कमरेचं हाड?"

"कोणी घेणार असेल तर माझी हरकत नाही," दाजी म्हणाले.

कार्यालयातल्या साहेबांनी त्याला सोपी वाट दाखवली. साहेब माहितीपुस्तिका लिहितात, 'नितळ' आणि 'रमणीय' हे शब्द त्यांचे. "काका, कारखान्याचं आपल्या हातात नाही. वर कळवलंय. तुम्ही नुसती लाट पुसून टाका. बाण राहू द्या. लोक जातील निघून पुढे."

"आणि वास?"

"वास नकाशात छापता येत नाही, काका."

ही वाट ताईचं घर वाचवणारी होती. लाट नाही म्हणजे कोणी पोहणार नाही, बाण आहे म्हणजे खोल्या भरतील. बाणवाल्यानं त्यावर तीन दिवस विचार केला. पण त्याच्या डोळ्यांपुढून बाटलीवरचा तो थेंब जात नव्हता. पोहायला माणूस स्वतः उतरतो. थेंब न विचारता तोंडात जातो. चौथ्या दिवशी त्यानं साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला: सात किलोमीटर बंद, मार्ग पठारावरून. खाली एक ओळ स्वतःच्या अक्षरात: गेली तीन वर्षे हा भाग मी तपासलेला नाही.

"ही ओळ कशाला?" साहेब वैतागले. "विचारलं कोणी तुम्हाला?"

"मदतनिसाला मी विचारलं होतं," बाणवाला म्हणाला.

नोकरी गेली नाही. त्याच्या जागी यायला दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

नव्या खुणा आधी, म्हणून पठारावरचे बाण रंगवायला सहा दिवस लागले. पठारावर जायला दुसरी वाट नाही, म्हणून नवा मार्ग ताईच्या घराच्या चार किलोमीटर अलीकडेच वर चढतो. चढ वाईट आहे, वर वारा आहे, बघायला काही नाही. सहा दिवस तो ताईकडेच राहिला. तिनं नदीकडची खोली दिली आणि चादर बदलून दिली. तक्रार करायला जागा ठेवली नाही.

सातव्या दिवशी तो राखाडी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन खडकाकडे निघाला तेव्हा ताई मागून आली. पदर नाकाला लावला नव्हता. तिला त्याची गरज राहिलेली नाही.

"आधी उतर," ती म्हणाली.

"काय?"

"तीन वर्षं लोकांना सांगितलंस ना, इथे उतरा म्हणून? उतर."

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरला. पाणी कोमट होतं, तेच सगळ्यात घाणेरडं. तळाला पाय टेकला तो दगडावर नाही, जाड सायीसारख्या थरावर, आणि त्यातून बुडबुडे त्याच्या पोटरीला चाटत वर आले. त्या कापसाचा एक झुपका घोट्याला गुंडाळला गेला. ताईनं मनातल्या मनात किती मोजलं कोण जाणे. मग म्हणाली, "ये वर."

पाय पुसायला तिनं फडकं आणलं होतं. ते तिनं परत घेतलं नाही, तिथेच त्याच्या डब्याच्या कडीला बांधलं. बाणवाल्यानं लाटेवर राखाडी रंगाचे दोन हात दिले. जाड शेपटीवर तिसरा द्यावा लागला.

या हंगामात ताईकडे चार पाहुणे आले, चौघंही जुना नकाशा घेऊन, चुकून. तिनं त्यांना रस्त्याकडच्या खोल्या दिल्या आणि नदीकडे जाऊ नका, घाण आहे, असं सरळ सांगितलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कारखान्याचा पाइप आहे तिथेच आहे.

बाणवाला महिन्यातून एकदा तिकडून जातो. ताई जेवायला थांबवते, नाही म्हणू देत नाही. फक्त स्वयंपाकघरात वाढत नाही. ताट नदीकडच्या खोलीत ठेवते, खिडकी सताड उघडून. तो सगळं संपवतो. एकदा त्यानं अर्धं टाकलं, तर ताई दारात येऊन उभी राहिली.

"का रे," तिनं विचारलं, "वास येतोय?"