याडीचा आवाज मी दाबला

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न पाहिलेल्या वाघाच्या गोष्टीसुद्धा रंगवून सांगतो.

तुम्ही मला कदाचित ओळखत असाल. दिग्रस-आर्णीकडच्या लग्नात नवरदेवापेक्षा जास्त मिरवणारा माईकवाला दिसला, तर तो मीच. काही वर्षांपासून पॉडकास्टही करतो — आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वस्त्या, शेतात सापडणारी खापरं, माळावरची दगडांची रिंगणं. राजाचा आवाज मी काढतो, राणीचाही मीच. बैलांच्या घंट्या हव्या असल्या की स्टीलच्या वाटीत किल्ल्यांचा जुडगा हलवतो. लोक खूश. मी त्यांच्याहून खूश.

बघा — गंमतच सांगत बसलो. मुद्द्याजवळ आलो की माझं असं होतं.

आर्णीच्या अलीकडे एका बंजारा तांड्यामागे माळ आहे. त्यावर मोठाल्या दगडांची रिंगणं आहेत, फार जुन्या काळच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती रचलेली. एका संशोधक बाईंनी मला बजावलं होतं, की दगड जागचा हलला म्हणजे त्याने धरून ठेवलेलं सगळं गेलं. हे मी माझ्या पॉडकास्टच्या भागात सांगितलंही. अगदी शेवटी — जेव्हा कुणी ऐकत नाही.

त्या माळावर मला गमलीबाई भेटली, तांड्याची सुईण. तिथे आईला याडी म्हणतात, आणि तिला सगळा तांडा याडीच म्हणे. मीही म्हणू लागलो. वाटी-किल्ल्यांचा खेळ करून दाखवला तर पदर तोंडाला लावून हसली. तिला मी मुद्दाम गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, बोलायला लावलं, ऐकायला भारी वाटेल म्हणून. शाळेत माझे निम्मे दोस्त तांड्यातले होते. गोरबोली मला पूर्ण समजते. हे लक्षात असू द्या. समजलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

काय बोलली ती? तान्हं मूल गेलं तर त्या तांड्यात जाळत नाहीत, पुरतात — त्या रिंगणांच्या आडोशाला. आईला तिथे नेत नाहीत. जागा एकट्या सुईणीला ठाऊक, आणि परक्याला तिने ती सांगायची नाही. याडीने मला सांगितली, कारण बोलण्याच्या भरात मी तशाच एका जागेवर उभा होतो. मी पाय उचलावा, एवढ्यासाठी तिने सांगितलं.

मी पाय उचलला. आणि घरी येऊन एडिट करताना वाटलं — मेलेली तान्ही लेकरं? कोण ऐकणार हे? सुरुवातीला याडीचा आवाज ठेवला, मग तो दाबला आणि वरून माझ्या आवाजात मराठी अनुवाद चढवला. कसला अनुवाद! याडीच्या तोंडी घातलं — लदेणीच्या काळात, बैलांच्या पाठीवर मीठ वाहून परतताना, आमच्या पूर्वजांनी इथे चांदी पुरली. मागे वाटी, किल्ल्या. काय सुरेख जमलं होतं ते — अजूनही मला तसंच वाटतं, हेसुद्धा सांगायलाच हवं.

तो भाग माझ्या कुठल्याही भागापेक्षा जास्त ऐकला गेला.

मग एका सकाळी तांडा उठला तर माळावर खड्डे. लिंबं, कुंकू, खणायचा मोडलेला टिकास. गुप्तधनवाले येऊन गेले होते. रिंगणं उलथलेली, दगड फुटलेले. चांदीऐवजी त्यांना जे लागलं, ते तसंच उघडं टाकून गेले. हे मला रंगवता येत नाही.

तांड्याच्या नाईकाने बोलावणं धाडलं. देवळासमोर सगळे जमलेले.

"सर, याडी म्हणते का मी असं बोललीच नाही. तुमच्यापाशी तिचं मूळचं बोलणं असंन ना? ऐकवा एकडाव."

होतं. शर्टाच्या खिशात, फोनमध्ये. समोर बायका बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे याडीची सून, कविता. तिचीही मुलगी त्या माळावर होती. एक बटण दाबायचं — बस. पण ते दाबलं की खोटं बोलणारा कोण, हे सगळ्यांसमोर येणार होतं. इतक्या मांडवांत माझी जीभ कधी अडखळली नाही. तेव्हाही अडखळली नाही.

"ते डिलीट झालं," मी म्हणालो.

याडीने माझ्याकडे बोट दाखवलं. "बैलाच्या घंट्या बी हा वाटीतच वाजवते," ती म्हणाली. मागे कुणीतरी हसलं. म्हातारी बरळून राह्यली, असं वाटलं असेल.

उघडं पडलेलं सगळं नाईकाने पुन्हा मातीआड करवलं. कुठे कुणाचं लेकरू, हे याडी सांगू शकली असती. तिला कुणी विचारलं नाही. बाळाला न्हाऊ घालायलाही तिला बोलावणं बंद झालं. कविता तिच्यासमोर ताट ठेवायची आणि न बोलता निघून जायची. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी काय केलं? तो भाग काढला — तांत्रिक कारण म्हणून.

या उन्हाळ्यात याडी गेली.

परवा मी तांड्यात गेलो. कविता अंगणात तूर पाखडत होती. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

याडी म्हणत होती — बापू, पाय काढ, तिथं लेकरं आहेत. त्या फुटक्या दगडापाशी माझ्या सुनेची पोर आहे, माझ्याच लुगड्यात गुंडाळून ठेवलीय. सुनेला अजून सांगितलं नाही. तिचं मन थाऱ्यावर आलं की सांगेन. आणि लगेच माझा आवाज, हसरा: "ते ऱ्हाऊ द्या याडी, जरा मजेदार काही सांगा ना!"

कविताने शेवटपर्यंत ऐकलं. मी शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. तिने एकही दिली नाही. सूप बाजूला ठेवलं, चप्पल घातली आणि माळाच्या वाटेला लागली. मी मागोमाग.

दगड अजून तसेच विखुरलेले आहेत. जवळजवळ सगळेच फुटके.

"कोणता?" तिनं विचारलं.

त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच उभा होतो. दगडाकडे मी पाहिलंच नव्हतं. माईककडे पाहत होतो. मी या दगडापासून त्या दगडापर्यंत गेलो, परत आलो. ती वाट बघत उभी होती. मला सांगता आलं नाही.