ठकूमावशीचं लिंपण

दुपारचं जेवून अर्धवट बांधलेल्या अंगणवाडीच्या गार जमिनीवर पाठ टेकते. डोळे जड झालेत. समोर कारवीच्या काठ्यांची भिंत आहे. तिच्यावर आम्ही दोनदा मातीचं लिंपण केलं, दोन्ही वेळा तडे गेले. शेवटी आज सकाळी मीच सरपंचांना फोनवर म्हटलं, "ठीक आहे, सिमेंट मारू." टेम्पो निघालाय. बाहेर बायका भांडी घासतायत. तो आवाज लांब जातो, पुन्हा जवळ येतो, आणि आता तो माती थापल्याचा आहे.

भिंतीशी ठकूमावशी उकिडवी बसलीय.

ती गेल्या वर्षी वारली. या डोंगरातल्या निम्म्या घरांच्या भिंतींना तिचा हात लागलाय. शहरातून आर्किटेक्ट होऊन आलेली मी, चार वर्षं वही घेऊन तिच्या मागे हिंडले.

"मावशी, तू?"

"मंग कोन? ह्ये काय थापलंय?" ती नखानं एक पोपडा काढते, जिभेवर ठेवते. "कच्ची हाय. किती दिस मुरवली?"

"दोन."

ती उठते आणि माझ्या कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये जाते. लांब टेबलं, वर फिरणारे पंखे. मावशी खिडकीच्या काचेवर माती लिंपतेय आणि काच माती धरतेय. तळवा अर्धगोल फिरतो, पुन्हा फिरतो. माझे सगळे सर हात मागे बांधून बघतायत. मी पट्टी लावते. इथून तिथून सारखी जाडी, केसाचाही फरक नाही. ऊर भरून येतो.

"माझ्या नकाशावर तुझं नाव घालायला हवं होतं, मावशी."

"नावानं भिताड उभं ऱ्हातं व्हय?" हात चालूच असतो. मग थांबतो. "पर घातलं असतंस तर बरं वाटलं असतं."

ती माझं मनगट धरून दाराबाहेर काढते. बाहेर डोंगर आहे, सगळी कारवी फुललीय, जांभळी. मधे मातीचा खड्डा.

"तुडीव."

मी उतरते. चिखल कोमट आहे. मावशी वरून भाताचा तूस टाकत राहते.

"आठ दिस तुडवायची. आंबूस वास सुटला की माती झाली. आन् लिंपताना हात खालनं वर."

"तू थांबशील?"

"आता तुला येतंय की."

हॉर्न वाजतो. मी दचकून उठते. दारात टेम्पोवाला उभा आहे.

"मॅडम, गोण्या कुठं उतरवू?"

"उतरवू नका." माझाच आवाज मला अनोळखी वाटतो. तिथूनच सरपंचांना फोन लावते. "मला आठ दिवस द्या. आणि दारावरच्या पाटीवर एक नाव घालायचंय."

पलीकडून सरपंच विचारतात, "कुणाचं?"

"ठकूमावशीचं."

"घाला," ते हळू म्हणतात. "पर आठच दिवस हां."

टेम्पो वळतो. पाय ओले लागतायत. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्याच आहेत. त्या सोडते, मोजे उतरवते. बोटांच्या बेचक्यांत ओली माती आहे, आणि तिच्यात भाताचा तूस.