ताईंनी डोंगर निवडले

आमच्या ताई, म्हणजे माझी थोरली जाऊ, मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. गावात त्यांचा चेहरा फारसा कोणी ओळखत नाही, पण आवाज सगळे ओळखतात. दुकानात साबण मागितला तरी शेजारचा माणूस मान वळवून म्हणतो, "तुम्ही इस्पितळात होता ना? वडिलांच्या वेळी तुम्हीच फोन जोडून दिला होता." निवृत्त झाल्यावरही हे चालूच राहिलं. ताईंना ते आवडायचं. अलीकडे आवडेनासं झालं, आणि त्याचं कारण घरात फक्त मला ठाऊक होतं.

कारण सांगूनच टाकते, उगाच झाकपाक करायचा मला कंटाळा आहे. ताईंना लघवी धरवत नव्हती. शिंक आली, हसू आलं, जिना उतरताना पाय जरा जोरात पडला, की झालं. पुष्कळ बायकांना होतं हे. डॉक्टरकडे गेलं तर उपायही असतो. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी इस्पितळात फोन करायचा, आणि तिकडून फोन उचलणार ती ताईंनीच हाताखाली तयार केलेली मुलगी. ताईंनी 'हॅलो' म्हणायचा अवकाश, ती म्हणणार, "अय्या, मॅडम तुम्ही? कुणाकडे जोडू?" मग काय सांगायचं? ज्या विभागाशी त्यांनी जन्मभर लोकांच्या बायका, आया, सासवा जोडून दिल्या, त्या विभागाचं नाव स्वतःसाठी घ्यायला त्यांची जीभ उचलत नव्हती. दोनदा त्यांनी नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच फोन ठेवला. दुसरीकडे कुठे जावं तर तिथेही आवाज ओळखणारा कोणीतरी भेटेल ही धास्ती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

मला कळलं ते माझ्याच घरी. मी काहीतरी चावट बोलले, ताई खळखळून हसल्या आणि हसता हसता गप्प झाल्या. मग बराच वेळ उठेचनात. चहा झाला, गप्पा संपल्या, बाहेर अंधारायला लागलं, तरी बाई खुर्चीला चिकटलेल्या. शेवटी खाली मान घालून म्हणाल्या, "तुझी खुर्चीतली उशी खराब केली गं मी." बाईंचा चेहरा असा झाला होता, की मला माझ्या विनोदाचाच राग आला. कुणाला सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मी तोंडाची फटकळ आहे, पण शब्दाची पक्की आहे.

त्यांच्या नोकरीची रीतच अशी होती. बदलीची बाई येऊन शेजारी बसल्याशिवाय फोन जोडायच्या बोर्डवरून उठायचं नाही. अपघाताचा फोन कधी येईल सांगता येत नाही. त्यामुळे कामावर पाणी प्यायचं ते घोटभर, आणि बाकी सगळं आवळून धरायचं. नव्या मुली कुरकुरल्या की ताई म्हणायच्या, "मनाने ठरवलं की सगळं धरता येतं." घरात आम्हालाही तेच ऐकवायच्या. सहलीला निघालो आणि कोणी गाडी थांबवायला सांगितली की हसायच्या, "एवढ्यात? बोर्डवर तर तुमचा एक दिवस निभाव लागला नसता." आता हेच बोलणं त्यांच्या घशाशी येत होतं. जिने जगाला धरायला शिकवलं तिलाच धरवत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सहलींवरून आठवलं. आमच्याकडे सहल म्हणजे दगड. ताईंना पडक्या भिंतींचं विलक्षण वेड. बोर्डवर दोन फोनच्या मधे वेळ मिळाला की त्या राजांची, लढायांची, बुडालेल्या शहरांची पुस्तकं वाचायच्या, आणि सुटीत आम्हा सगळ्यांना घेऊन तसल्याच ठिकाणी चढायच्या. ऊन मी म्हणत असायचं, भाऊजी छत्री धरून सावली शोधत असायचे आणि ताई एखाद्या चौथऱ्यावर उभ्या राहून सांगत असायच्या, इथे दरबार भरायचा, इथे विष कालवलं. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे. शांत माणूस. त्यांना पाणी, झाडं, डोंगर बघत खुर्चीत पडून राहायला आवडतं. जन्मभर त्यांनी दगड बघितले आणि एकदाही तक्रार केली नाही. रस्ता चुकला तरी कोणाला विचारणार नाहीत, असे भिडस्त.

तर ताईंच्या मुलाने ठरवलं, की आई-बाबांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आता सगळ्यांनी मिळून बोटीने फिरून यायचं. बोट म्हणजे आठ मजली, वर पोहायचा तलाव वगैरे. दोन मार्ग होते. एक उत्तरेकडचा: बर्फाचे डोंगर थेट समुद्रात उतरतात, धबधबे कोसळतात, आणि सगळं बोटीच्या कठड्याला टेकून बघता येतं. दुसरा दक्षिणेकडचा, जुन्या बंदरांचा: रोज नवं शहर, किल्ले, देवळं, उकरून काढलेल्या वस्त्या, आणि प्रत्येक ठिकाणी सकाळी बसमध्ये बसायचं ते संध्याकाळी बोटीवर परतायचं.

मुलाने सगळ्यांना विचारलं ते नावापुरतं. आईचं उत्तर काय येणार हे त्याला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. ताई म्हणाल्या, "डोंगर बघू या."

"आई, तू? डोंगर?"

"दगड काय पुन्हा पुन्हा बघायचे. सगळे दगड सारखेच."

सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. मी बशीतली बिस्किटं मोजत बसले. ताईंच्या हातात त्या दक्षिणेकडच्या मार्गाची रंगीत चित्रं होती आणि अंगठा एका पडक्या नाट्यगृहावर फिरत होता. तोंडाने मात्र त्या बर्फाचं कौतुक करत होत्या. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बस, शेजारी नातेवाईक, उठायची सोय नाही, हे त्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. त्यापेक्षा कठड्याजवळची खुर्ची बरी, आणि खोलीचं दार चार पावलांवर.

आता आमच्या घरची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे कोणी काही मागितलं तर त्याला ते खरंच हवंय यावर कोणाचा विश्वास बसत नाही. 'नको' म्हणजे 'हवं', आणि 'मला चालेल' म्हणजे 'मला अजिबात चालणार नाही'. भाऊजींनी एका वाढदिवसाला सांगितलं, केक आणू नका, तर दोन आले. लग्न होऊन आल्यावर मी म्हटलं, मला खिडकीजवळची खोली नको, रस्त्याचा आवाज येतो. तीच मिळाली, वर सगळे माझ्या समजूतदारपणाचं कौतुक करत होते. एकमेकांचं मन ओळखण्यात आमचा हात कोणी धरणार नाही, असं सगळ्यांना वाटतं. स्पष्ट विचारायचं मात्र कोणाच्याच जिवावर येतं.

झालं. मुलाने ठरवलं, की आईने बाबांसाठी मन मारलं. भाऊजींकडे विषय काढला तर ते म्हणाले, "तिला जे हवं ते करा." पोराने त्याचा अर्थ लावला तो लावला, आणि गुपचूप दक्षिणेचा मार्ग पक्का करून टाकला. मग रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि आईच्या ताटाशेजारी तिकिटं ठेवली.

ताईंनी तिकिटं उलटसुलट करून बघितली. "छान," म्हणाल्या. पुढे काही बोलवेना. मुलाला वाटलं, आनंदाने कंठ दाटला. मी समोर बसून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. वचन दिलं नसतं तर तिथेच ओरडले असते.

जेवणं झाल्यावर तो फोन काढून बसला. प्रत्येक बंदरावर कोणकोण उतरणार ते कंपनीला त्या दिवशी कळवायचं होतं, म्हणजे बसमध्ये जागा धरून ठेवतात. पहिल्या बंदराचं नाव वाचलं. तेच ते पडकं नाट्यगृह.

"मी बोटीवरच थांबते," ताई म्हणाल्या.

"का?"

"गुडघे दुखतात."

"बसमध्ये बसायचंय, आई. चालणं थोडंच आहे. बरं, दुसरं."

"तिथेही थांबते. तुम्ही जाऊन या."

तिसऱ्यालाही तेच. सूनबाई मऊ आवाजात म्हणाली, "आई, तुमच्याशिवाय आम्हाला त्यातलं काय कळणार?" ती मनापासून बोलत होती, आणि त्याने ताई आणखीच कोपऱ्यात सापडल्या. मान खाली, हात मांडीखाली. मला दिसत होतं, की त्यांना उठायचंय. उठून गेल्या असत्या तर रागावून गेल्या असा अर्थ झाला असता, म्हणून बसून राहिल्या होत्या.

मुलाचा पारा चढला. "तुझ्यासाठी एवढं केलं. बाबांना डोंगर आवडतात, तेसुद्धा गप्प बसले. आणि आता तू बोटीवर बसून राहणार? तुला त्याग करायची चटकच लागलीय, आई. आम्ही मजा करायची आणि तू मागे थांबलीस म्हणून आम्हाला वाईट वाटत राहायचं, हेच हवंय ना तुला?"

त्याग हा शब्द ताईंना लागला. बाई बिचारी फजितीपासून पळत होती आणि पोरगं तिला थोरपण चिकटवत होतं. त्या उभ्या राहिल्या. टेबलाची कड घट्ट धरली.

"मला लघवी धरवत नाही," त्या म्हणाल्या. बोर्डवर बोलायच्या त्याच स्वच्छ आवाजात. "बसमध्ये होईल. सीटवर होईल, सगळ्यांसमोर. त्याग कसला डोंबलाचा? मला लाज वाटते."

एवढं बोलायला जो वेळ लागला तोच जास्त झाला. पुढचं आम्ही सगळ्यांनी बघितलं, आणि आम्ही बघतोय हे त्यांनी बघितलं. मग त्या आत गेल्या. मी उठून फडकं आणलं आणि फरशी पुसली. मुलगा फोनकडे बघत होता, त्याचे कान लालबुंद झाले होते. सूनबाई उगाच रिकाम्या बश्या एकावर एक ठेवत होती. दगडाला पाझर फुटावा असं ते बसणं होतं.

ताई कपडे बदलून आल्या. येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. चेहरा धुतलेला, डोळे कोणाकडेच नाहीत.

भाऊजी हळूच म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. बरेच दिवस. गादी एकदा मीच उलटून घातली. तुला वाटलं असेल, वाळली."

ताईंनी तेव्हा कुठे मान वर केली. मला वाटलं, आता बाईंना हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा आणखीच उतरला. सगळे उठायच्या आत चादरी धुणं, उशीखाली प्लास्टिक घालणं, दाराजवळची खुर्ची पकडण्यासाठी सगळ्यांच्या आधी पोचणं, हे सगळं कोणीतरी बघत होतं. शेजारीच झोपून बघत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला लाज वाटेल म्हणून."

"वाटतच होती," ताई म्हणाल्या. "रोज वाटत होती. तुम्ही गप्प बसलात म्हणून कमी नाही झाली, फक्त मला एकटीला वाटत राहिली."

भाऊजींच्या हातात टेबलाचा रुमाल होता. त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मुलगा म्हणाला, "आई, आपण रद्द करू. उत्तरेचं घेऊ." सूनबाईने मान डोलावली. पुन्हा ताईंच्या मनातलं ओळखायला सगळे एका पायावर तयार.

"कोणी काही रद्द करायचं नाही," ताई म्हणाल्या. "मला ते नाट्यगृह बघायचंय. मला सगळेच दगड बघायचेत. त्याआधी मी डॉक्टरकडे जाईन, फोनही मीच करीन. पण एवढ्यात सगळं बरं होईलच असं नाही. तेव्हा बसमध्ये चढल्याबरोबर कोणीतरी विचारायला हवं, वाटेत कुठेकुठे थांबणार म्हणून. ते मी नाही विचारणार."

"मी विचारीन," मुलगा म्हणाला.

"तू नाही. हे विचारतील."

भाऊजींनी वर बघितलं. रस्ता चुकले तरी कोणाला न विचारणारा हा माणूस.

"माझी बायको आहे, तिला मधे मधे जावं लागतं, गाडी कुठे थांबेल, असं विचारायचं. सगळ्यांदेखत. माझ्या कानात नाही, त्या बसवाल्याच्या कानातही नाही. जमेल?"

भाऊजींनी मान हलवली.

"मान हलवू नका. बोलून दाखवा."

त्यांनी घसा साफ केला. मुलाकडे बघितलं, सुनेकडे, माझ्याकडे. कानशिलं तापलेली लांबूनही कळत होती. "माझी बायको आहे," ते पुटपुटले, "तिला मधे मधे जावं लागतं. गाडी..."

"मोठ्याने," ताई म्हणाल्या. "मागच्या सीटवरच्यांनाही ऐकू जाऊ दे."

भाऊजी उभे राहिले, आणि त्यांनी पहिल्यापासून परत सुरुवात केली.